होल्टच्या डॉक्टरच्या घरून

होल्ट, २२ जून १७८३

थोर्दिस,

अक्षर ओळखून हे पत्र तू शेगडीत टाकलं नाहीस असं धरून लिहिते.

तुझ्या कोपनहेगनात बातमी पोचेलच की आइसलंडचा दक्षिण भाग जळाला आणि माणसं मेली. तुझ्या नवऱ्याच्या वखारीत तर आधीच पोचेल. म्हणून कळवते, आम्ही जिवंत आहोत. मी, ग्रिमुर आणि दोन्ही मुलं, कारी आणि हाल्ला. हाल्ला तू गेलीस तेव्हा रांगत होती. आता घरभर हुकूम सोडत फिरते.

सणाचा रविवार होता. आम्ही चर्चला निघालो होतो आणि उत्तरेच्या डोंगरांवरून काळा ढग आला. पावसाचा नव्हता. घरात शिरलो तर एकमेकांची तोंडं दिसेनात. खाली पडली ती राख, जळलेल्या कोळशाच्या भुग्यासारखी. मग वरून जे थेंब पडले त्यांनी पानांना भोकं पाडली आणि अंगावर पडले तिथे चटका बसला. दुसऱ्या दिवशी स्काफ्ता नदी आटली. आपली स्काफ्ता, जिच्यात घोडे वाहून जातात, तिच्या पात्रातून हाल्ला कोरड्या पायांनी चालली.

मी खोटं लिहीत नाही, ग्रिमुरचा चेहरा लग्नाच्या दिवशीही इतका उजळला नव्हता. कारीला घेऊन तो पात्रात उतरला. डबक्यांत मासे तडफडत होते. दोघांनी पिशवी भरून आणली, अर्धे मासे अभ्यासाला आणि अर्धे कालवणाला. आल्यावर तो हात धुवायला गेला तेवढ्यात मी अभ्यासातले चांगले जाड जाड कालवणात टाकले. जेवताना त्याने एक काटा उचलून निरखून पाहिला आणि म्हणाला, "स्टेइनुन, ह्याला मी ओळखतो." कारी हसून हसून बाकावरून खाली पडला.

तुला माहीतच आहे आमचं घर. छताला सुकत टाकलेली झाडं, आढ्याला टांगलेले पक्षी. लोकांच्या घरी पातेल्यात मटण शिजतं, आमच्याकडे एखाद्या समुद्रपक्ष्याचा सांगाडा उकळत असतो. रुग्ण आला तर आधी टेबलावरचं दगडफूल उचलावं लागतं, मग त्याचा हात ठेवायला जागा.

त्यानंतर त्या आटलेल्या नदीच्या घळीतून फुटलेल्या डोंगराची आग, वितळलेला दगड, खाली आली. घळ काठोकाठ भरली. पलीकडची तीन शेतं आता नाहीत. आमच्यापासून ती बरीच लांब थांबली आहे. सूर्य रक्तासारखा लाल दिसतो आणि त्याच्याकडे उघड्या डोळ्यांनी बघता येतं.

वडिलांच्या गोष्टीबद्दल ह्या पत्रात मी काही लिहिणार नाही. ग्रिमुरने त्यांना मेल्यावर कापून उघडलं ते मला विचारून. मी हो म्हटलं. तू दुसऱ्या दिवशी सकाळी किनाऱ्यावरून आलीस आणि तो हे करत होता त्या लोहारखोलीचं दार लोटलंस. त्यानंतर तू त्याला जे म्हणालीस ते अजून माझ्या कानात आहे. "खाटीक तरी खायला कापतो." वडिलांच्या यकृतात द्राक्षांच्या घडासारख्या पाण्याच्या पिशव्या होत्या. ह्या भागातली कितीतरी माणसं पोट फुगून मरतात ती कशाने, ते त्याला दिसलं. ते कळून अजून कोणी वाचलेलं नाही, हेही खरं आहे. माफी मागायला मी लिहीत नाहीये. जिवंत आहोत, एवढंच कळवायचं होतं.

तुझी बहीण,
स्टेइनुन


होल्ट, १० सप्टेंबर १७८३

थोर्दिस,

हे शरदातलं शेवटचं जहाज. तुझं उत्तर आलं नाही. तरीही लिहिते, कारण आता मला बोलायला इथे कोणी नाही. ग्रिमुर घरी असतो तेव्हा झोपलेला असतो, नाहीतर मेंढ्यांच्या जबड्यात बोटं घालून बसलेला असतो.

मेंढ्यांना काहीतरी झालं आहे. दातांना काटे फुटतात, खूर सुटून पडतात, जबड्यावर आणि बरगड्यांवर हाडाच्या गाठी येतात. गवत समोर असून त्यांना चावता येत नाही. गाईंचं दूध आटलं. कातडी हाताला घट्ट लागत नाही, ओढली तर निसटते.

ग्रिमुर म्हणतो, रोग गवतात नाही, गवतावर बसलेल्या राखेत आहे. त्याने आमच्या दोन मेंढ्या वेगळ्या बांधल्या. एकीला ओढ्यात धुतलेलं गवत दिलं, दुसरीला तसंच. धुतलेलं खाणारी बरी राहिली. तो इतका खूश झाला की भर दुपारी मला उचलून अंगणात गरागरा फिरवलं. ब्रांदुर कुंपणाशी उभा होता. आपला शेजारी ब्रांदुर, तुला "डॅनिश बाहुली" म्हणणारा. तो म्हणाला, "डॉक्टर, बाईसाहेबांनाही धुऊन घेतलंत वाटतं."

ब्रांदुरच्या मनात कळप ऑगस्टमध्येच कापायचा होता. अंगावर अजून थोडं मांस आहे, मीठ लावून ठेवतो, निदान नातीला हिवाळाभर पुरेल, असं तो म्हणत होता. त्या म्हाताऱ्याला ती नात सोडून कोणी नाही. ग्रिमुर त्याच्या घरी जाऊन बसला, वाद घातला, धुतलेली मेंढी नेऊन दाखवली. "कापलीत तर एक हिवाळा निघेल. वाचवलीत तर वसंतात कोकरं होतील."

ब्रांदुर बराच वेळ मेंढीच्या तोंडात बघत राहिला. मग म्हणाला, "तुम्ही शिकलेले आहात. मी ऐकतो."

आणि मग सगळ्यांनी ऐकलं. ग्रिमुर शेतोशेत फिरला. सगळा मुलूख ओढ्यांच्या काठी गवत धूत बसला, जाळ्यात भरून बुडवायचं, झटकायचं, पसरायचं. थंड पाण्याने आमचे हात फाटले. बायका गाणी म्हणत होत्या, थोर्दिस. मला त्या दिवसांत वाटलं की आपण ह्यातून निभावणार.

कोपनहेगनच्या त्या विद्वानांच्या मंडळाचं पत्र ह्याच जहाजाने आलं. ग्रिमुर झाडंपक्षी पाठवतो ना, तेच. नव्या आगीतून आलेल्या दगडांचे नमुने पाठवा, मोठे आणि सुबक असावेत, असं लिहिलंय. त्याने ते कारीला वाचून दाखवलं. कारी म्हणाला, "त्यांना सांगा, येऊन घेऊन जा. आमच्याकडे आता दुसरं काहीच नाही."

कारीच्या हिरड्या दुखतात म्हणतो. दुधाचे दात पडायचं वय आहे.

स्टेइनुन


होल्ट, २० मार्च १७८४

थोर्दिस,

हे पत्र जहाज येईपर्यंत पेटीत पडून राहणार आहे. तरी आज लिहिते, नाहीतर नंतर माझ्याच्याने होणार नाही.

मेंढ्या मेल्या. धुतलेलं गवत खाणाऱ्या उशिरा मेल्या, एवढाच फरक. ग्रिमुरला खूप उशिरा कळलं की ज्या पाण्यात आपण धुतलं ते पाणीच राखेतून येत होतं. आमची ती बरी मेंढी जानेवारीत गुडघ्यांवर चालायला लागली, आणि एका सकाळी पाहिलं तर गेलेली.

ब्रांदुर आला. त्याने पोत्यातून मेंढीचा जबडा काढला आणि टेबलावर ग्रिमुरसमोर ठेवला.

"धुतलेलं खाऊन मेली, डॉक्टर. अगदी स्वच्छ मेली."

ग्रिमुरने टेबलावरचं दगडफूल बाजूला सारलं.

"ऑगस्टात कापली असती तर आज माझी नात जेवली असती. आता हिला कापून दाखवा, काय दिसतं ते. तुम्हाला तेच येतं."

तो गेल्यावर ग्रिमुरने तो जबडा हातात घेतला आणि खिडकीशी नेऊन बघायला लागला. मी ओरडले, "ठेव तो!" त्याने ठेवला. मग दाराकडे तोंड करून बसला तो जेवायलाही उठला नाही. जेवायला होतं काय म्हणा. डोंगरी दगडफुलाची पेज, तीही राख चाळून, आणि चामड्याचे तुकडे उकळून काढलेलं पाणी.

कारी फेब्रुवारीत गेला.

लिहिलं. आता बाकीचं लिहिते.

आधी त्याच्या हिरड्यांतून रक्त यायचं, मग गुडघे आणि कोपरं सुजली, मग छातीला हात लावू देईना. बापाच्या मांडीवर डोकं ठेवून पडायचा आणि आढ्याला टांगलेल्या पक्ष्यांची नावं म्हणायचा, लॅटिनमध्ये, बाप शिकवायचा तशी. एकदा एका पक्ष्याचं नाव चुकला तर ग्रिमुरने दुरुस्त केलं. कारी म्हणाला, "बाबा, तुम्ही चुकलात तेव्हा मी काही बोललो का?" ग्रिमुर हसला. मग उठून बाहेर गेला आणि मी त्याला बर्फात उभा असलेला पाहिला.

पोरगा सकाळी गेला. माझ्याकडे बघत होता. मी त्याला पाणी पाजत होते.

जमीन लोखंडासारखी गोठलेली होती, पुरता येत नव्हतं. लोहारखोलीत ठेवला. दोन दिवसांनी हाल्ला बाकावरून उतरताना रडली. तिच्या गुडघ्यांना हात लावला तर तीच सूज.

आता नीट वाच, कारण हे मला तुलाच सांगायचं आहे, दुसऱ्या कोणाला नाही. ग्रिमुरला ठाऊक नव्हतं की मुलांना झालंय काय. दर्यावर्दी लोकांना ताजं खाणं नसलं की जो रोग होतो, त्यातही हिरड्या अशाच सुजतात. तो असेल तर समुद्रकड्यावरचा आंबट पाला बर्फाखालून खणून आणला की मूल सुधारतं. पण मेंढ्यांचाच रोग असेल तर पाल्याने काही होणार नाही. मग तिचं पाणी बदलायला हवं, खाणं बदलायला हवं, जमलं तर मुलूखच बदलायला हवा. समुद्र दक्षिणेला आणि स्वच्छ पाणी असलंच तर उत्तरेला, हिमनदीकडे. घोडा एकच उरला होता, तोही एका फेरीपुरता. बाहेरून बघून दोन्ही रोग सारखेच दिसतात. आतून सारखे नसावेत.

तो मला हे सांगत नव्हता. मीच ओळखलं. तो लोहारखोलीच्या दारापर्यंत जायचा आणि परत यायचा.

मी म्हटलं, "ग्रिमुर, बघ."

"नाही."

"माझ्या वडिलांना बघितलंस."

"ते तुझे वडील होते."

"हा माझा मुलगा आहे. मी सांगते, बघ."

तो म्हणाला, "स्टेइनुन, माझे हात चालणार नाहीत."

"मी धरते."

सकाळ होती. बर्फावरून लख्ख उजेड आत येत होता. मी हाल्लाला ब्रांदुरकडे नेऊन सोडलं. त्याने काही विचारलं नाही, तिला नातीशेजारी पांघरुणात घेतलं. परत येऊन मी पाणी तापवलं. कारीचा सदरा मी काढला. ग्रिमुरने त्याच्या कपाळावर हात ठेवून काहीतरी म्हटलं, ते मला ऐकू आलं नाही. बहुतेक परवानगी मागितली. मग मी ग्रिमुरचं मनगट धरलं, आणि पहिला छेद पुरा होईपर्यंत सोडलं नाही.

बरगड्यांवर गाठी होत्या. मेंढ्यांना येतात तशाच. जवाच्या दाण्याएवढ्या, रांगेने.

ग्रिमुर एवढंच म्हणाला, "पाणी बदलायचं." मग सुरी ठेवून खाली बसला.

शिवायचं काम मी केलं. तुला आपल्या आईची ती बारीक टीप आठवत असेल, जी तुला कधी जमली नाही आणि मला जमायची. तीच घातली. त्याच्या चर्चच्या पहिल्या सदऱ्याला घालणार होते तितकी बारीक. घाई केली नाही. झाल्यावर सदरा चढवला, केस विंचरले.

तू तिकडे काय म्हणशील ते मला माहीत आहे. म्हण. पण त्या दिवशी तू दार लोटून आत आली असतीस तर मी तुला म्हटलं असतं, थोर्दिस, जरा उजेडातून बाजूला हो.

स्टेइनुन


होल्ट, १२ ऑगस्ट १७८४

थोर्दिस,

हे पत्र हाल्लाच्या अंगरख्यात शिवलेलं आहे. तू ते वाचत असशील तर ती तुझ्यासमोर उभी आहे.

ती अजून जिवंत आहे ती जुन्या बर्फामुळे. ग्रिमुरने हिशेब केला तो असा: आभाळातून पडलेलं सगळं विटाळलं, पण हिमनदीच्या पोटात जो बर्फ आहे तो आपल्या आज्याच्या आज्याच्या वेळचा, त्यात ही राख नाही. त्या एका घोड्यावर तो हिमनदीच्या कडेला गेला, वरचा थर फोडून आतला निळा बर्फ काढला आणि घसरगाडीवर घालून आणला. घोडा त्या फेरीनंतर पडला. पुढच्या फेऱ्या त्याने स्वतः गाडी ओढून केल्या. हाल्ला तेच पाणी प्यायली, पेज त्याच पाण्याची.

त्याने लोकांनाही सांगितलं. ह्या खेपेला कोण ऐकणार? चर्चपाशी एकीने तोंडावर विचारलं, "पोराला फाडून हे सापडलं होय?" ग्रिमुर म्हणाला, "हो." ती बाई मागे सरकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ग्रिमुर दोर खांद्याला लावत होता तर ब्रांदुर आपली घसरगाडी घेऊन आलेला. माफी नाही, काही नाही. म्हणाला, "माझी नात पण पाणी पिते." मग दोघं मिळून जायला लागले. मग आणखी चारपाच घरांतले आले. त्या घरांतली मुलं चालतात, थोर्दिस. सगळी नाही. पण चालतात.

आता उन्हाळ्यात हिमनदीचा रस्ता चिखलाने आणि पाण्याने बंद झाला आहे आणि हाल्लाचे गुडघे पुन्हा सुजायला लागलेत. इथे आणखी एक हिवाळा ती काढणार नाही. ग्रिमुर तिला घेऊन बंदरावर निघालाय. पाद्रीबाबांनी आपला घोडा दिला. व्यापाऱ्याची बायको ह्या जहाजाने परत जाते आहे, तिने तुझ्या दारापर्यंत पोचवायचं कबूल केलंय. ग्रिमुरने स्वतः तिच्याबरोबर जावं असं मी म्हटलं. तो म्हणाला, "इथे पडलेल्यांना मी काय सांगू? माझी होती, ती हलवली?" मी भांडले. फार वाईट बोलले. त्याने ऐकून घेतलं आणि घोड्याला खोगीर घातलं.

तू आमच्या एकाही पत्राला उत्तर दिलेलं नाहीस. तू दार उघडशील की नाही ते न कळताच आम्ही तिला समुद्रावर घालतोय. दुसरं दार आम्हाला माहीत नाही.

तिला कुत्र्यांची भीती वाटते. दुधावरची साय खात नाही, निदान दूध होतं तेव्हा खात नव्हती. गुडघे दुखले तरी सांगत नाही, ओठ आत ओढून घेते. तसं दिसलं की तिला उचल. कारीबद्दल तिला माहीत आहे. लोहारखोलीतलं माहीत नाही.

मला माफ करू नकोस. दार उघड, बस.

स्टेइनुन


होल्ट, १७ जून १७८५

थोर्दिस,

पाच वर्षांनी तुझं अक्षर पाहिलं. ब्रांदुरने बंदरावरून आणून दिलं. तो दारात उभाच राहिला, जाईना. मी वाचून म्हटलं, "पोचली." मग तो टोपी तोंडावर धरून परसात गेला.

तुझं पत्र मी इतक्यांदा वाचलं की पाठ झालंय. तू खिडकीत होतीस आणि एक अनोळखी बाई रस्त्यातून एका लेकराचा हात धरून येताना दिसली, लेकरू पाय फेकत चालत होतं आणि तुला वाटलं, कोणाचं हे पोर, ह्याला कोणी उचलत का नाही. मग तुझ्याच दारावर थाप पडली. हाल्लाने वर मान करून विचारलं, "तू माझी मावशी आहेस का? असशील तर उचल. तुमच्याकडे फार पायऱ्या आहेत." तू लिहिलंस की तिला उचलल्यावर तुला पुढचं काही आठवत नाही, तुझ्या नवऱ्याने, येन्सने, येऊन दार लावलं. ती आता जिने चढते, अंडी खाते, डॅनिश बोलते, आणि येन्सच्या आईला कोणता पक्षी कुठल्या जातीचा ते सुनावते, हेही वाचलं. तिला डॅनिश बोलू दे. गुडघे सरळ झाले म्हणतेस. मी ते वाक्य मोठ्याने वाचलं.

तू ग्रिमुरला भेटायचं आहे असं लिहिलंस. लोहारखोलीबद्दलचं माझं पत्र तू तीनदा फेकलंस आणि तीनदा उचललंस. वरच्या मजल्यावरची खोली त्याच्यासाठी झाडून ठेवली आहेस म्हणतेस, त्याने आता काही वर्षं तिकडे राहून लिहावं, येन्स त्या मंडळातल्या कोणाला तरी ओळखतो. "मी त्याला जे बोलले ते त्याच्यासमोर परत घ्यायचं आहे," असं लिहिलंस.

थोर्दिस, तो नाही.

हाल्लाला जहाजावर चढवून तो परत निघाला. बंदरावर लोकांनी त्याला थांबवलं, त्यांच्यातही आजारी होते, म्हणून महिना गेला. ऑक्टोबरात कुडा नदी ओलांडून तो आमच्या बाजूला पोचलासुद्धा. काठावरच्या झोपडीत कपडे वाळवत बसला होता. तेवढ्यात पलीकडच्या काठावरून एक माणूस हाका मारायला लागला. त्याची बायको अडली होती. झोपडीतला म्हातारा ग्रिमुरला म्हणाला, "आता पाणी वाढतंय, सकाळी जा." ग्रिमुर म्हणाला, "सकाळपर्यंत पोर थांबणार आहे का?" ओलेच कपडे परत चढवले आणि पाद्रीबाबांच्या घोड्यावर बसला.

मध्यावर घोड्याचा पाय गेला. घोडा खाली कुठेतरी बाहेर निघाला. तो नाही.

त्या बाईचं बाळ तासाभरात आपोआप झालं. मुलगी. दोघी सुखरूप. तिचा नवरा मला भेटायला आला होता. मी त्याला म्हटलं की बाळाला राखेचं पाणी देऊ नका, आणि कुठलं द्यायचं ते सांगितलं. दुसरं काय बोलणार होते?

हिवाळाभर मी तो परत येईल असं कोणाला म्हटलं नाही, पण दार आतून लावलंही नाही. तो सापडला मेमध्ये. नदीच्या तोंडाशी, वाळूत. ब्रांदुर लाकूड शोधत गेला होता. त्याने अंगरख्यावरून ओळखला. घरापर्यंत पाठीवर घेऊन आला, एकटा, त्या वयात. मी म्हटलं, "ब्रांदुर, कोणाला हाक का नाही मारलीत?" तो म्हणाला, "काही वजनच नव्हतं हो, बाई." मग भिंतीला टेकून उभ्याउभ्याच रडायला लागला. "मी त्यांच्यापुढे जबडा टाकला होता," म्हणाला. मी त्याला बसवलं आणि पाणी दिलं.

कारीशेजारी पुरला. सगळे आले. चर्चपाशी ती बोलणारीही आली होती, तिच्या हाताला धरून तिची मुलगी चालत आली.

त्याची झाडं आणि पक्षी मी काय करणार होते? मंडळाकडून माणूस आला तर घेऊन जाईल म्हणून बांधून ठेवले होते. ब्रांदुरची नात रोज येऊन एकेक नाव विचारते. मला निम्मीच येतात. पक्षी तिला देऊन टाकले.

मी येते, थोर्दिस. शरदातल्या जहाजाने. ब्रांदुर बंदरापर्यंत पोचवेल. माझे दात गेलेत आणि मी तुला म्हातारी दिसेन, दारात घाबरू नकोस. इथे दोन कबरी सोडून येते आहे. ते कसं जमेल मला माहीत नाही, पण जहाजात बसलं की माणूस जातंच, नाही का?

तुझ्या पत्राच्या खाली हाल्लाने स्वतःच्या हाताने दोन ओळी लिहिल्यात. अक्षरं केवढाली आणि एकमेकांवर चढलेली. "बाबा, इथलं पाणी चांगलं आहे, मी रोज पिते. तुम्ही आईला घेऊन लवकर या, मी तुम्हाला एक बदक दाखवणार आहे, त्याचं नाव कोणालाच माहीत नाही."

तू तिला काही सांगू नकोस. विचारेल तर म्हण, आई येते आहे. ते मी सांगेन, मांडीवर घेऊन, मीच सांगेन. तोपर्यंत तिला ते बदक रोज बघायला ने.

हा एक उन्हाळा तिला बाप असू दे.

स्टेइनुन